वायरीला लावलेला चिमटा

मी एक कुकर बोलतोय. शिट्टीवाला नव्हे. माझ्यात वाफ कोंडत नाही आणि मला घाईही जमत नाही. सकाळी सहाला भरायचं, संध्याकाळी पाचला वाढायचं, असा मी विजेवर मंद शिजवणारा. आधीच माफी मागतो. शुद्धलेखन चुकेल, शब्दही साधेच येतील. ज्याच्या हातून हे लिहून घेतोय, तो कॅलम पंधराव्या वर्षी शाळा सोडून बटाट्याच्या शेडमध्ये कामाला लागला. मला तर हातच नाहीत. दोन कान आहेत, तेही उचलण्यापुरते. पण त्यांनी बरंच ऐकलंय.

मला कुठल्या कारखान्यात बनवलं ते आठवत नाही. आठवतं ते अल्व्हरस्टोन गावाच्या मागच्या टेकडीवरचं स्वयंपाकघर, आणि माझं खोकं उघडणारी हेदर. ती कॅलमची आई. तिने पहिल्याच दिवशी माझ्या बुडाला कागदी पट्टी चिकटवून आपलं नाव लिहिलं. गावच्या हॉलमध्ये जेवण असलं की दहा घरचे दहा कुकर एका टेबलावर येतात आणि सगळे सारखेच दिसतात.

हेदरचा नवरा क्लाइव्ह बटाटे पिकवायचा. घरातून निघताना भिंतीवरची सगळी बटणं बंद करत जायची त्याला सवय. टीव्ही, किटली, टोस्टर, काही सुटायचं नाही. लहानपणी त्याच्या मामाची शेड वायर तापून जळाली होती. पहिल्या आठवड्यात त्याने मलाही दोनदा बंद केलं. दुसऱ्या वेळी हेदरने दोरीवरचा कपड्यांचा चिमटा आणला आणि माझ्या वायरीला लावला.

"क्लाइव्ह, हा दिसतोय ना? चिमटा असला की बटणाला हात लावायचा नाही. लावलास तर कच्चं मांस खायचं, तेही एकट्याने."

"मग एक माझ्या नाकालाही लाव. तुझा लसूण फार होतो."

सोळा वर्षं मला चालू केलं की ती चिमटा लावायची. माझ्यात बीफ आणि पास्ता सगळ्यांत जास्त वेळा शिजला. मुलगी ब्रॉन्विन झाकणावरची वाफ बोटाने पुसून आत बघायची. कॅलम तिच्या पाठीमागे उभा राहायचा, कारण पुढे जायची त्याला लाज वाटायची.

दोन वर्षांपूर्वी हेदर गेली. मी तेव्हा शेजारच्या मार्जकडे होतो, हॉलच्या जेवणासाठी नेलेला. म्हणून वाचलो. कारण महिन्याभरातच क्लाइव्हने हेदरचे कपडे, बूट, विणकामाच्या सुया, पाककृतींची वहीसुद्धा पिशव्यांत भरून धर्मादाय दुकानात देऊन टाकली. कुणाला विचारलं नाही. मार्जने मला शुक्रवारी परत आणून ठेवलं. शनिवारी ब्रॉन्विन होबार्टहून आली आणि तिने आईचं कपाट उघडलं.

"निळा स्वेटर तरी?"

"गेला."

"बाबा, एवढंच म्हणा की चुकलं."

"घर आवरायला हवं होतं. झालं ते झालं."

ती आल्या पावली गाडीत बसली. त्यानंतर तिचा फोन फक्त कॅलमला यायचा. मी स्वयंपाकघरातल्या कपाटावर गेलो. एका कोळ्याने माझ्या झाकणात संसार थाटला.

गेल्या महिन्यात कॅलमने मला खाली काढून धुतलं. शनिवारी त्याचा तेविसावा वाढदिवस होता आणि ब्रॉन्विन जेवायला येणार होती. फोन टेबलावर ठेवून तो कांदा चिरत होता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"तुझ्यासाठी येतेय, कॅल. बाबा तसेच वागले तर पुन्हा त्या घरात पाऊल टाकणार नाही."

"हो. ब्रॉन, पास्ता कधी घालायचा?"

"शेवटच्या अर्ध्या तासात, गाढवा! सकाळीच घातलास तर खळ होईल. भिंतीला कागद चिकटवावे लागतील."

शनिवारी सकाळी सहाला त्याने बीफचे तुकडे तव्यावर लालसर परतले. पाकिटातलं निम्मं मांस वापरलं, निम्मं फ्रिजमध्ये ठेवलं. कांदा, गाजर, लसूण, डब्यातले टोमॅटो माझ्यात घातले. बटण दाबलं, माझा लाल दिवा लागला, तो दोनदा वाकून दिवा बघून कामावर गेला. चिमट्याचं त्याला आठवलं नाही. आठवावं तरी कसं, ते आईचं काम होतं.

सातला क्लाइव्ह शेतावर निघाला. टीव्ही बंद. किटली बंद. टोस्टर बंद. मग मी.

मी जेमतेम कोमट झालो होतो. ओरडता येत नाही, शिट्टीही नाही. दिवसभर पोटात कच्चं मांस घेऊन बसून राहिलो. खिडकीतलं ऊन ओट्यावरून फरशीवर उतरलं. दुपारी एक माशी झाकणावर फिरून गेली.

साडेचारला कॅलम आला, पास्त्याचं पाकीट फोडलं आणि झाकण उचललं. त्याच वेळी ब्रॉन्विनची गाडी दारात थांबली. तो झाकण हातात घेऊन तसाच उभा राहिला. ती आत आली, तिने मला हात लावला.

"कॅल, हे गार आहे."

कॅलमने बटणाकडे पाहिलं. मग मागच्या दारात बूट काढत असलेल्या क्लाइव्हकडे पाहिलं.

"मी बटण दाबायला विसरलो," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"वाढदिवसाला शहाणपण वाढतं म्हणे. तुझं कुठे अडलंय?" ब्रॉन्विन हसली. "टाकून दे सगळं. दिवसभर असंच राहिलंय, पोटं बिघडतील."

तिने मला कानांना धरून उचललं आणि माझ्यातलं सगळं बादलीत ओतलं, उरलेलं चमच्याने खरवडू लागली. क्लाइव्ह एका पायात बूट घालून उभा होता.

"त्याने लावला होता," तो म्हणाला. "मी बंद केला. चुकलं माझं."

ब्रॉन्विनच्या हातातला चमचा थांबला. हा शब्द या घरात मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो. बहुतेक तीही.

"फक्त कुकरचं?" तिने विचारलं.

क्लाइव्हने दुसरा बूट काढायला खूप वेळ लावला.

"कपड्यांचंही. तुम्हा दोघांना विचारायला हवं होतं. मला ते कपाट उघडता येत नव्हतं, म्हणून रिकामं केलं."

ती नळ सोडून मला घासत राहिली. माझं बूड स्वच्छ होतं, तरी घासत राहिली. पट्टीवरचं नाव मात्र भिजू दिलं नाही.

त्या रात्री त्यांनी पास्ता लोणी आणि चीज घालून खाल्ला. क्लाइव्हने बटाटे उकडले, कारण बटाट्याशिवाय त्याला जेवल्यासारखं वाटत नाही.

"पास्त्यावर बटाटा?" ब्रॉन्विन म्हणाली.

"तुझ्या आईनेही असंच तोंड केलं होतं."

ताटं उचलताना ती म्हणाली, "फ्रिजमध्ये मांस उरलंय ना? मग उद्या जेवूनच निघते. सोमवारी मला दुपारची पाळी आहे."

माझ्या झाकणाची मूठ आता सैल झाली आहे आणि दिवा पेटायला दोन क्षण जास्त लागतात. पण तापतो मी नीट. माझ्यासारखं कुणी तुमच्या ओट्यावर चालू असेल, तर घरातल्यांना ते सांगून ठेवा. आम्हाला सांगता येत नाही.

रविवारी कॅलम सहाला उठला. ब्रॉन्विन तिच्या जुन्या खोलीत झोपली होती. त्याने मांस परतलं, मला भरलं, बटण दाबलं आणि अनवाणीच मागच्या अंगणात गेला. दोरीवरचा एक चिमटा काढून परत आला, तेव्हा क्लाइव्ह मोज्यांवर माझ्याजवळ उभा होता. माझ्या वायरीला एक चिमटा आधीच लावलेला होता.

"मला वाटलं तू विसरशील," क्लाइव्ह म्हणाला.

कॅलमने आपलाही चिमटा त्याच्या शेजारी लावला आणि माझं झाकण नीट बसवलं.