गिअरबॉक्सची खोड

लाउडस्पीकर माझ्या हातात देताना आयोजकांनी एकच सूचना केली, की ऐकणाऱ्याला मैदान भरल्यासारखं वाटलं पाहिजे. मी निमगाव केतकीचा आबाजी. बैलगाड्यांच्या शर्यतींचं निवेदन करतो. मरतुकड्या बैलालाही आवाजाच्या जोरावर वारं पाजणं हा माझा धंदाच आहे. पण त्या दिवशी बारामतीच्या विमानाच्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत्या, आणि ज्या मोटारी आल्याच नाहीत त्यांचं वर्णन कुठून करणार?

ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. तीन गावांत भरणाऱ्या स्पर्धेचा हा शेवटचा टप्पा होता. मोटारींचे वर्ग दोन. पहिला घरगुती मोटारींचा. मागच्या सीटा काढायच्या, दारावर आकडा रंगवायचा, की झाली शर्यतीची मोटार. या वर्गात तीनच आल्या, आणि त्यांतली एक आयोजकांना घेऊन आलेलीच असावी असा मला अजून संशय आहे. ती शर्यत ‘प्रदर्शन’ म्हणून सकाळीच उरकून टाकली. दुसरा वर्ग होतकरू पोरांचा. एकच माणूस मावेल अशी, उघड्या चाकांची, जमिनीला पोट घासत जाणारी गाडी. सगळ्यांची इंजिनं आणि गिअरबॉक्स एकाच जातीचे, म्हणजे खरा कस चालवणाऱ्याचा. या वर्गात मोजून सहा गाड्या होत्या. नियमही सहाचाच होता. सहा सुटल्या तर गुण मिळणार, पाच सुटल्या तर शर्यत नुसती करमणूक.

कळंबचा मानसिंग या सहांत होता. त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज, आणि शर्यतीची गाडी त्यानं तिथंच हातानं जुळवलेली. कोल्हापूरचा शंभूराज त्याच्यापुढे दोन गुणांनी होता, म्हणजे आज मानसिंगनं पहिला नंबर काढला की स्पर्धा त्याची. जिंकणाऱ्याला पुढच्या वर्षी मद्रासच्या एका संघाची मोठी गाडी चालवायला मिळणार होती. मानसिंगला ती गाडी हवी होती. सोयरीक घेऊन आलेल्या पाहुण्यांना त्यानं ‘मद्रासला जाऊन आल्यावर बघू’ असं सांगून चहावर परत पाठवलं होतं. पाहुण्यांना वाटलं पोरगा मिलिटरीत चाललाय.

सरावातच शंभूराजचा गिअरबॉक्स फुटला. दाते तुटून आतल्या आत चटणी झाली. त्याच्याकडे दुसरा नव्हता. म्हणजे गाड्या उरल्या पाच.

शंभूराजचे काका दिग्विजयराव तंबूत खुर्ची टाकून बसले होते. त्यांचा चेहरा पडायच्या ऐवजी खुलला.

“गप बस इथं,” ते पुतण्याला म्हणाले. “पाच सुटल्या की गुण न्हाईत. तू आहेस तिथं पहिलाच. कशाला मरायला पळतोस?”

हिशोब बरोबर होता. शंभूराज हेल्मेट मांडीवर घेऊन बसला. त्याला तो हिशोब आवडला होता असं काही दिसलं नाही.

एक जादा गिअरबॉक्स फक्त मानसिंगच्या टेम्पोत होता. तो घेऊन मानसिंग स्वतःच कोल्हापूरकरांच्या तंबूत आला आणि म्हणाला, “हा बसवा आन् पळा.” दिग्विजयराव हसले. “तुमचं काम काढून घ्यायला आलाय व्हय? आमाला नको.” मानसिंग तो जड डबा छातीशी धरून तसाच उभा राहिला. मला त्याची कीव आली.

इतक्यात त्याची आत्या गोजरबाई भाकरीचं फडकं घेऊन त्याला शोधत तंबूत आली. तिला गुणांतलं ओ का ठो कळत नव्हतं. तिनं पाहिलं ते एवढंच, की एक पोरगा वस्तू देतोय आणि दुसरा ती घेत नाही. याचा अर्थ तिच्या लेखी एकच होत होता.

“लाजू नगंस लेकरा,” ती शंभूराजला म्हणाली. “आज तुझ्याकडं फेडायला न्हाय म्हून काय झालं? सावड हाय ही. औंदा आमचा बैल तुझ्या औताला, म्होरल्या साली तुझा आमच्या. आडल्यावर घ्यावं माणसानं.”

तंबूतले सगळे फिस्सकन हसले. शंभूराजही हसला, मग एकदम लाल झाला आणि उठला.

“काका, बसून जिंकलो म्हणून गावात सांगायचं व्हय?” असं म्हणून त्यानं डबा मानसिंगच्या हातातून घेतला. दिग्विजयरावांनी खुर्चीसकट पाठ फिरवली.

आता सहा गाड्या होणार होत्या. मी लाउडस्पीकरवर आनंदानं घसा फोडला. मानसिंग वळून निघाला, तोच गोजरबाईनं त्याला हटकलं.

“खोड सांगितली का रं?”

“कसली खोड?”

“बैल देताना त्याची खोड सांगायची असती. लाथाडतो का, बुजतो का. ह्याला हाय का काय?”

मानसिंगनं शंभूराजच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे बघत होतो. इतका वेळ शांत असलेला त्याचा चेहरा ओढला गेला, त्यावरून मला कळलं की खोड आहे. शिवाय गिअरबॉक्सची कुठलीही खोड या धावपट्टीवर साधी नसणार. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना पाचटाचे भारे रचून वळणं केली होती, आणि तिथं गाडी दुसऱ्या नंबरच्या गिअरमध्ये टाकूनच वळावं लागत होतं. गोजरबाई कमरेवर हात ठेवून वाट बघत राहिली. तिला आपण काय मागतोय याची कल्पना नव्हती. असती तरी तिनं मागितलंच असतं.

“दुसरा गिअर निसटतोय,” मानसिंग शेवटी शंभूराजला म्हणाला. “वळताना गिअरचा दांडा हातानं दाबून धर. एका हातानं वळव. न्हायतर भाऱ्यात जाशील.”

शंभूराज मान हलवून कामाला लागला.

शर्यत दुपारी झाली. निवेदनात मी दोघांनाच धरलं, कारण बाकीचे चार लवकरच मागे पडले. सुरुवातीपासून मानसिंग पुढे आणि शंभूराज त्याच्या मागच्या चाकाला चिकटलेला. दर वळणाला तो एका हातानं गाडी ओढून काढत होता, दुसरा हात दांड्यावर. शेवटच्या वळणाला मानसिंगची गाडी चार हात बाहेर गेली. शंभूराज आतून शिरला. गिअर निसटला असता तर तिथंच निसटला असता. तो निसटला नाही, कारण दांडा धरायचा हे शंभूराजला ठाऊक होतं. तो गाडीभर पुढं राहून जिंकला. मी त्याच्या नावाची आरोळी दिली, पण मनातून मला ती द्यायची नव्हती.

मानसिंग गाडीतून उतरला आणि टायरवर बसून राहिला. गोजरबाई म्हणाली, “दुसरा आलास न्हवं? मंग?” तिनं भाकरी पुढं केली. त्यानं ती खाल्ली.

शंभूराज मद्रासला गेला. पुढच्या साली होतकरू पोरांच्या वर्गात नावं आली दोन. मानसिंगचं आणि सोलापूरच्या एकाचं. आयोजकांनी वर्गच बंद केला. घरगुती मोटारींचा तर त्याआधीच गुंडाळला होता.

त्या उन्हाळ्यात माझी जीप दुरुस्तीला मानसिंगकडे होती, तेव्हा कोल्हापूरहून एक खोकं आलं. आत तोच गिअरबॉक्स, धुऊन पुसून लख्ख, आणि सोबत चिठ्ठी: ‘सावड फेडली. खोड काढली आहे.’ मानसिंगनं तो बाकावर ठेवला, दुसरा गिअर टाकला आणि दांडा हलवून हलवून पाहिला. तो जागचा हलत नव्हता.

“ब्येस झालं,” गोजरबाई म्हणाली. “आता कुणी मागितला तर खोड सांगायला नगं.”

मानसिंगनं दांड्यावरचा हात काढला नाही.

“आत्या,” तो म्हणाला, “आता मागणारं हाय कोण?”