दुतोंडी काच

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. उजेडातून पाहिलं तर आरसा, अंधारातून पाहिलं तर खिडकी. धंद्यात मला टू-वे काच म्हणतात. दुतोंडी म्हटलंत तरी मला राग येणार नाही.

देऊळगाव राजातल्या एका कापड दुकानात मालकाच्या केबिनला मला बसवलं होतं. बाहेर दिव्यांचा लखलखाट, आत अंधार. कामाच्या मुली माझ्यात पाहून केस सारखे करायच्या. मागे बसून शेठ त्यांच्याकडे पाहायचे, हे फक्त मला ठाऊक होतं.

त्यांतल्या महामाया आणि प्रतीक्षा दुसरबीडच्या. एकाच एसटीने यायच्या, एकाच डब्यात जेवायच्या. काम दहा तास उभ्याने. एके दुपारी महामायाचे पाय फार दुखले, तेव्हा तिने माझ्यासमोर येऊन ओढणीने डोळे पुसले. जवळ फक्त प्रतीक्षा होती. संध्याकाळी शेठ सगळ्यांदेखत म्हणाले, "रडायचा पगार देत नाही मी. घरी बसून रडा."

बाहेर आल्यावर महामायाने विचारलं, "तूच सांगितलं ना त्यायले?"

"मी काऊन सांगू?" प्रतीक्षा म्हणाली.

महामायाला ते पटलं नाही. तिने नोकरी सोडली आणि मैत्रिणीशी बोलणंही. काचेला वाचा नसते. पण त्या दिवसापासून मला माझ्या चकाकीची लाज वाटू लागली.

पाच वर्षांनी दुकान बंद पडलं आणि मी रामराव काचवाल्यांकडे धूळ खात पडले. एक दिवस तिथे महामाया आली. आता ती गावात संगणकाचा क्लास चालवत होती. जुन्या मॉनिटरपुढे काच बसवून तिला स्मार्ट आरसा करायचा होता. त्यात चेहराही दिसावा आणि घड्याळ, बसगाड्यांचं वेळापत्रकही उमटावं. रामरावांनी ॲक्रिलिकचा, म्हणजे प्लास्टिकचा आरसा दाखवला, तर त्यात तिचं नाक वाकडं दिसलं. साध्या काचेवर चकाकणारी फिल्म चिकटवून दाखवली, तिला बुडबुडे आले. मग त्यांनी मला पुसून उभं केलं. तिने माझ्यामागे मोबाईल धरला. अक्षरं लख्ख दिसली.

"हेच पाहिजे होतं मले. कुठची हाय?"

"त्या कापड दुकानातली. शेठच्या केबिनची. आतून सारं दिसे त्यायले."

महामायाचा हात खाली आला. चेहरा उतरला. तो उतरलेला चेहरा मी तिलाच दाखवत राहिले. मला दुसरं काही येतच नव्हतं. तिने तिथूनच फोन लावला.

"प्रतीक्षा, मी महामाया. त्या आरशातून दिसे शेठले. तू नव्हतं सांगितलं."

 पलीकडून आवाज आला, "मी तवाच म्हणलं होतं तुले."

"हो. म्या ऐकलं नाही. चुकलं माह्यं."

"ठेव आता. पोरगी उठली."

रामरावांनी हळूच विचारलं, "मंग नेतेस का, बाई?"

"नेतो. दुसऱ्या कोणाच्या केबिनले लागू नये."

आता मी क्लासच्या भिंतीवर आहे. माझ्याखाली महामायाने लिहून ठेवलंय, 'काचेमागे फक्त मॉनिटर आहे. कॅमेरा नाही. कोणी पाहत नाही.' मुली ते वाचतात आणि मगच भांग पाडतात. प्रतीक्षाचं घर दोन गल्ल्या सोडून आहे. ती अजून आलेली नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी काच निवडाल तेव्हा ती वाकते का, तिला बुडबुडे येतात का, हे जरूर बघा. पण तिच्यासमोर उभं राहणाऱ्याला, मागे काय आहे ते आधी सांगा. माझ्या वेळी ते कुणी सांगितलं नाही.