तारामतीकाकूंची चाळीस पानं

अठ्ठ्याण्णव साली नोकरीसाठी पुण्याहून हैदराबादला आलो, तेव्हा माझ्याकडे दोन बॅगा होत्या. एकीत कपडे, दुसरीत पत्ते. दोन हजार साल उजाडलं की जगभरातले कॉम्प्युटर गोंधळणार अशी तेव्हा सगळीकडे भीती होती, आणि त्या भीतीवर माझ्यासारख्या शेकडो इंजिनियरांची पोटं भरत होती. कंपनीनं मला आधी तीन महिने अमेरिकेत पाठवलं होतं. इतर लोक तिथून कॅमेरे आणि परफ्यूम आणायचे. मी ‘आयर्नगेट’ नावाच्या खेळाचे पत्ते आणले.

खेळ सांगायला सोपा आहे. प्रत्येक खेळाडूचं एक फाटक असतं, त्याची ताकद वीस. आपले सैनिक पाठवून समोरच्याचं फाटक शून्यावर आणलं की जिंकलो. पण सैनिकांना धान्य लागतं. धान्याचीही पानंच असतात, एका पाळीला एकच मांडता येतं. साध्या प्याद्याला एक धान्य पुरतं, ड्रॅगनला सात लागतात. खरी गंमत अशी, की शेकडो पानांमधून आपली चाळीस पानं आपणच निवडून आणायची. पानं बंद पाकिटांतून मिळतात आणि पाकिटात काय निघेल हे नशिबावर असतं, त्यामुळे अदलाबदल, घासाघीस, रुसवेफुगवे हे सगळं ओघानं येतं.

आमच्या ऑफिसात सात-आठ जण खेळायचे. त्यातला उदय मुंबईचा. तो मला रोज जेवणाच्या सुट्टीत हरवायचा, आणि हरवून झाल्यावर माझं कुठं चुकलं ते समजावून सांगायचा. हरणं मला चालायचं. समजावणं चालायचं नाही.

मी तारनाक्याला एकनाथराव आणि तारामतीकाकू यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. काका रेल्वेतून स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झालेले. काकू मूळच्या नांदेडकडच्या, पण लग्न झाल्यापासून इथंच. दर बुधवारी त्या बरकतपुऱ्याला भाग्यलक्ष्मीबाईंकडे रमी खेळायला जायच्या. काकांना पत्ते आवडत नसत. ते त्यांना ‘टाइमपास’ म्हणायचे, आणि तो शब्द ते असा उच्चारायचे की जणू रुळावर म्हैस आली आहे.

एका रविवारी दुपारी मी व्हरांड्यात सगळे पत्ते मांडून बसलो होतो. काकू शेवग्याच्या शेंगा सोलत शेजारी येऊन बसल्या.

“हे काय मांडलास रे?”

लहान मुलाला सांगावं तसा मी त्यांना खेळ सांगितला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“तुझ्या चाळीसात धान्य किती?”

“दहा.”

“अन् हे सात-सात खाणारे?”

“ड्रॅगन? सगळ्या रंगांचे मिळून नऊ आहेत, काकू. अख्ख्या हैदराबादेत एवढे कुणाकडे नसतील.”

“नऊ जावई एकदम घरी बोलावलास आणि चुलीवर पातेलं एकच,” काकू म्हणाल्या. “त्यांची पंगत बसंपर्यंत घर लुटून जाणारच की.”

मला थोडा राग आला. काकूंनी शेंगांचं ताट बाजूला केलं आणि कोपऱ्यात टाकलेला पत्त्यांचा ढीग ओढला. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. प्रत्येक पान त्यांनी माझ्याकडून एकदाच वाचून घेतलं, आणि चित्रावरून त्याला आपलं नाव दिलं.

“ह्या उंदरांना किती धान्य लागतंय?”

“एक. पण ते कचरा आहेत. कुणीच वापरत नाही.”

“कुणी वापरत नाही, म्हणजे कुणी त्यांचा बंदोबस्तही ठेवत नसंल.”

हे वाक्य मी पुढं अनेक वर्षं अनेक मीटिंगांमध्ये माझं म्हणून वापरलं. त्या दिवशी मात्र नुसता हसलो. मग काकूंनी त्या कचऱ्यातून चाळीस पानं वेचली आणि पाच पाळ्यांत माझं फाटक पाडलं. माझ्या हातात तेव्हा चार ड्रॅगन होते. चारही उपाशी.

नवशिक्याचं नशीब, असं मी म्हणालो. चहा होईपर्यंत ते नशीब आणखी चार वेळा उघडलं.

धान्य सोडलं तर एकच पान चारपेक्षा जास्त ठेवता येत नाही असा नियम आहे. त्यामुळे काकूंना वेगवेगळी, पण अशीच कमी खाणारी पानं हवी होती. त्यांनी मला यादी तोंडपाठ करायला लावली: चार उंदीर, चार हडकुळे भालेवाले, चार पळणारी कुत्री, दोन झेंडे. सोमवारी मी उदयला एक सोनेरी ड्रॅगन दिला आणि त्या बदल्यात त्याच्याकडची अकरा फालतू पानं घेतली. उदयनं मला दोनदा विचारलं, बरं वाटतंय ना?

तोवर खाली काकांनी वेगळंच पुस्तक हातात घेतलं होतं. माझ्या पत्त्यांच्या पेटीतलं चौसष्ट पानी नियमपुस्तक. ते आम्ही कुणीही कधी उघडलेलं नव्हतं. काकांनी ते चष्मा पुसत, लाल पेन्सिलीनं खुणा करत दोनदा वाचलं.

“तुम्ही पण खेळणार का, काका?”

“छे. पण ज्यानं लिहिलंय, त्यानं काळजीनं लिहिलंय. हे बघ, नियम एकतीस. दोन पोटकलमं आणि एक अपवाद.” त्यांचा चेहरा आनंदानं उजळला होता.

जानेवारीत नारायणगुड्याच्या एका हॉलमध्ये स्पर्धा ठरली. ती ओमकारनं भरवली होती. त्याचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. बत्तीस खेळाडू आले, बहुतेक कॉलेजचे आणि सॉफ्टवेअरवाले. काकू जांभळी इरकल नेसून, पत्ते उस्मानिया बिस्किटांच्या डब्यात घालून आल्या. दारावरच्या मुलीनं त्यांना सांगितलं, “आँटी, पालकांनी मागं बसायचं.” काकू म्हणाल्या, “हौ, हरल्यावर बसते.”

आणखी एक घोटाळा झाला. पंच म्हणून येणाऱ्या माणसाला कावीळ झाली होती. ओमकारनं विचारलं, नियम कुणाला माहीत आहेत? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेव्हा मागच्या रांगेतून काका उठले. हातात ते पुस्तक, खिशात लाल पेन्सिल.

“पण सर, यांच्या मिसेस खेळतायत,” उदय म्हणाला. बरोबरच होतं त्याचं.

काकू त्याच्याकडे वळून म्हणाल्या, “बाळा, तू निवांत राहा. हे माझ्या बाजूनं आजवर कधी बोलले नाहीत.”

हॉल हसला आणि काका पंच झाले.

मी पहिल्याच फेरीत बाहेर पडलो. हट्टानं ड्रॅगनच घेऊन गेलो होतो. काकू मात्र एकेकाला उंदीर-कुत्री सोडून फाडत चालल्या. उस्मानिया विद्यापीठाचा एक विद्यार्थी तिसऱ्या पाळीतच निम्मा झाला आणि घामाघूम होऊन म्हणाला, “आँटी, थोडा सोचने तो देओ.” काकूंनी त्याला सोचायला वेळ दिला, डब्यातलं बिस्कीट दिलं आणि पुढच्या पाळीत घरी पाठवलं.

अंतिम सामना उदयशी. तीनपैकी दोन डाव जिंकायचे. पहिला काकूंनी घेतला. दुसऱ्यात उदय शहाणा झाला. त्यानं अडवणारी पानं भरपूर ठेवली होती आणि तो डाव त्यानं खेचला. मग दहा मिनिटांची सुट्टी झाली. काकू सकाळपासून जेवल्या नव्हत्या. काका बाहेर जाऊन कागदात बांधलेली गरमागरम मिरची भजी घेऊन आले. त्यांनी ती काकूंपुढं ठेवली. लग्नानंतर बाहेरून खायला आणून दिल्याचं हे बहुधा तिसरं उदाहरण असावं. काकूंनी तीन भजी खाल्ली आणि पदराला हात पुसले.

तिसरा डाव लांबला. उदयचं फाटक सातवर आलं, काकूंचं चारवर. अकराव्या पाळीला काकूंनी पान उचललं, हातात खोचलं, एक भालेवाला पुढं केला आणि म्हणाल्या, “झालं माझं.” उदय कपाळाला हात लावून विचार करू लागला.

नियमपुस्तकात लिहिलेलं होतं, की पंचानं मधूनमधून दोघांचे गठ्ठे मोजावेत. जगात हे कुणीही करत नसेल. काका करत होते.

“थांबा,” ते म्हणाले. “सुरुवातीची सात आणि अकरा, अठरा. गठ्ठ्यात बावीस हवीत. एकवीस आहेत. तारामती, हातातली पानं पसरा.”

काकूंनी पानं पसरली. भज्यांच्या तेलानं दोन पानं एकमेकांना चिकटली होती. ती चट् आवाज करून सुटली.

“नियम एकोणचाळीस. जादा पान उचलणाऱ्याचा तो डाव बाद.”

उदयच म्हणाला, “काका, जाऊ द्या ना. चिकटली होती ती. माझी काही हरकत नाही.”

“ड्रायव्हरची हरकत नाही म्हणून लाल सिग्नल हिरवा होत नाही,” काका म्हणाले, आणि कागदावर उदयचं नाव लिहिलं.

काकूंनी पत्ते डब्यात भरले. रिक्षात आम्ही तिघं बसलो, मी मध्ये. त्यानंतरचे तीन दिवस दोघांचा सगळा कारभार माझ्यामार्फत चालायचा. “अभिजीत, त्यांना सांग, भात झालाय.” “अभिजीत, तिला विचार, वरण आहे का.” दोघं एकाच टेबलाशी बसून. मी पुण्याचा माणूस असूनही इतका शिष्टाचार आयुष्यात पाळला नव्हता.

चौथ्या दिवशी संध्याकाळी काकांनीच मला मध्यस्थीतून काढून टाकलं. “तारामती,” ते ताटाकडे बघत म्हणाले, “पुढच्या पाळीला तू जिंकणार होतीस. मला माहीत होतं.”

“तुम्हाला काय माहीत? तुम्हाला खेळायला कुठं येतंय?”

“तुझ्या हातात झेंडा होता. सहाव्या पाळीपासून दाबून ठेवलेला.”

काकूंनी वरणाची पळी पातेल्यात ठेवली. “अन् पुढं?”

“मेजावर चार उंदीर. झेंडा लावला की एकेकाचा वार दुप्पट. एकाचे दोन, चौघांचे आठ. त्याचं फाटक सात.”

“आणि त्यानं अडवलं असतं तर?”

“कशानं? अडवणारी चारही पानं त्याची खर्ची पडली होती, शेवटचं तुझ्या त्या भालेवाल्यावर. मी मोजली होती.”

काकू खुर्चीवर बसल्या.

“बत्तीस वर्षं झाली,” त्या म्हणाल्या, “माझ्या हातात काय आहे ते पहिल्यांदा बघितलं तुम्ही.”

काका भात कालवू लागले.

“मग त्या वेळी गप्प का नाही बसलात?”

“पंच होतो.”

“अन् ती भजी?”

“भजी नवरा म्हणून आणली होती.”

काकूंना हसू आवरेना. त्यांनी काकांच्या ताटात भाताचा एवढा ढीग वाढला की काका “पुरे, पुरे” म्हणत राहिले. मी माझं ताट उचलून हळूच वर गेलो. जाताना कुणी मला थांबवलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी उदय स्कूटरवरून आला, स्पर्धेत मिळालेला कप पिशवीत घालून. ऑफिसात सगळे त्याला ‘भजीविजेता’ म्हणत होते आणि ते त्याला सहन होत नव्हतं. त्यानं काकूंना तीन डाव मागितले. काकूंनी हात साबणानं धुतले, काकांना खुर्ची देऊन बाजूला बसवलं आणि तीनही डाव जिंकले. शेवटचा तर सहा पाळ्यांत. उदयनं निमूटपणे कप काकूंपुढं ठेवला.

काकांनी तो उचलून परत त्याच्या पिशवीत घातला. “निकाल हॉलमध्ये लागला. घरी बदलत नाही. नियम बावन्न.”

“असू दे रे,” काकू म्हणाल्या. “कप घेऊन मी त्यात काय डाळ भिजवू?”

उदय जाता जाता दारात घुटमळला. मी त्याला इतका नम्र कधी पाहिला नव्हता. “काकू, तुमची ती चाळीस पानं मला सांगाल? पुढच्या स्पर्धेला मी तशीच नेईन.”

“सांगते की. वही आण, सगळी सांगते.” काकूंनी खरंच त्याला एकेक पान सांगितलं, का ठेवलं तेही सांगितलं. तो खुशीत गेला. स्कूटरचा आवाज कोपऱ्यावर विरला, तशा काकू माझ्याकडे वळल्या.

“आता सगळे उंदीरच आणतील. अभिजीत, तुझ्या त्या पाकिटांत मांजर असतंय का रे कुठं?”

काकांनी चष्मा लावला आणि पुस्तक उघडलं. “पान सत्तेचाळीस,” ते म्हणाले. “पण दोन धान्य लागतात.”