भाग्याचा अडलेला शब्द

मित्रांनो, मी एक जुना लाल टेलिफोन. गल्लोगल्ली फोनची दुकाने निघू लागली त्या ब्याण्णव सालात मी हैदराबादेत आलो, काचीगुडा स्टेशनसमोर, हणमंतरावांच्या बूथमध्ये.

स्वस्थता म्हणजे काय ते मला माहीतच नव्हते. गाडी आली की माणसे बॅगांसकट आत घुसत. कोणी मराठीत, कोणी तेलुगूत, कोणी दखनीत ओरडून बोले. मागचा माणूस काच ठोकत राही. मला भरभर बोलणारी माणसे आवडत. म्हणूनच, खरे सांगतो, हणमंतरावांची सतरा वर्षांची मुलगी भाग्यलक्ष्मी मला आवडत नसे.

ती बोलताना अडखळे. ‘प’ आणि ‘म’पाशी तर तिचे ओठ मिटत ते मिटतच. हणमंतरावांचा तिच्यावर फार जीव. ती अडली की ते लगेच तिचा शब्द पुरा करत. मास्तरांना तेच उत्तर देत, पाहुण्यांनाही तेच. आपण पोरीला सांभाळतो आहोत, असे त्यांना वाटे. भाग्या मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेली.

एका दुपारी हणमंतराव बाहेर गेले होते आणि बूथवर ती एकटीच होती. मी वाजलो. सोलापूरहून विजयराव बोलत होते, शेजारच्या गल्लीतल्या सुशीलाबाईंचे जावई. सुशीलाबाईंच्या घरी फोन नव्हता आणि त्यांच्या लेकीचे, उषाचे, दिवस भरले होते. विजयरावांनी विचारले, कोण बोलतंय? ‘मी’ म्हणायला भाग्याने ओठ मिटले आणि ते उघडेनात. दोनतीनदा हॅलो हॅलो करून त्यांनी फोन ठेवला. मी पुन्हा वाजलो. पुन्हा वाजलो. भिंतीला टेकून ती माझ्याकडे बघत राहिली. तिचा हात काही पुढे आला नाही.

संध्याकाळी हणमंतरावांनी परतून फोन उचलला; निरोप पोचला तोवर सोलापूरची गाडी सुटली होती. सुशीलाबाई दुसऱ्या दिवशी पोचल्या. बाळ-बाळंतीण सुखरूप होती, पण कळा सोसताना उषाने आईला हाका मारल्या होत्या. परतल्यावर सुशीलाबाई बूथवर जाब विचारायला आल्या. हणमंतराव म्हणाले, लाइन खराब होती.

भाग्याची आई सत्यवती तिथेच बसली होती. ती उठली.

“लाइन चांगली होती,” ती म्हणाली. “माझी पोरगी अडखळते. भीतीनं तिनं फोन उचलला नाही. चूक झाली. पण लपवून लपवून आम्हीच तिला भित्री केलं.”

सुशीलाबाई निघून गेल्या. हणमंतरावांनी दोन दिवस बायकोशी अबोला धरला.

तिसऱ्या दिवशी सत्यवती अंबरपेठेत आपल्या भावाच्या दुकानात गेली आणि तिथून तिने मला वाजवले. भाग्याने भीत भीत उचलले.

“मी आहे. तू बोल. मला घाई नाही.”

भाग्या अडली. तारेत नुसती शांतता. माझा जीव कासावीस झाला. कोणीतरी तिचा शब्द पुरा करून टाकावा असे मला झाले. पलीकडे सत्यवती शब्दही न बोलता थांबून होती. बऱ्याच वेळाने शब्द आले, “म-म-मी भाग्या.”

मग हे रोजचेच झाले. हणमंतरावांना ते फार जड गेले. लेकीचा शब्द त्यांच्या ओठांवर येई, तेव्हा ते फडके घेऊन काच पुसायला लागत. हळूहळू भाग्याने स्वतःच एक रीत पाडली. फोन उचलताच ती सांगे, “मी अडखळते, जरा थांबा.” काही लोक हसत, काही फोन ठेवून देत. पण बरेच जण थांबत.

एक दिवस सुशीलाबाई सोलापूरचा नंबर घेऊन आल्या. हणमंतराव पुढे झाले, तर म्हणाल्या, भाग्यालाच लावू दे. भाग्याने लावला आणि उषाची माफी मागितली. त्याला बराच वेळ लागला. रांगेतली माणसे चुळबुळ करत होती, त्यांना सुशीलाबाईंनी हाताने दटावले.

दोन वर्षांनी भाग्याचे थोरले काका भगवंतराव मलकपेठेतले स्थळ घेऊन आले. लग्न जमेपर्यंत पोरीला बूथवर बसवू नका, असे त्यांचे म्हणणे होते. भाग्या म्हणाली, “काका, प-प-” काकांनी विचारले, “परीक्षा?” हणमंतरावांनी भावाचा हात धरला. “दादा, ठैरा जरा. तिचं तिला बोलू द्या.”

मी तेव्हा वाजत होतो. कोणी उचलले नाही.

“प-पाहुण्यांना इथंच बोलवा,” भाग्या म्हणाली. “माझं बोलणं ऐकून मग ठरवू द्या.”

पाहुणे आले नाहीत. भगवंतरावांनी वर्षभर घरात पाऊल टाकले नाही. सत्यवती रडली, हणमंतराव नीट जेवले नाहीत. पण काका रुसून गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी भाग्या माझ्यापाशी बसली, तेव्हा दोघेही तिच्या शेजारी होते.

पुढे मोबाइल आले, बूथ बंद झाला, माझी वायर काढली गेली. आता मी त्यांच्या कपाटावर असतो. भाग्या शाळेत गणित शिकवते. अजून अडखळते, आणि पहिल्याच तासाला मुलांना तसे सांगून टाकते.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण तुमच्या घरात कोणाचा शब्द अडला, कोणाची चाल तुमच्याहून वेगळी पडली, तर मदतीच्या नावाखाली त्याला झाकू नका. त्याच्या शेजारी बसा. तुमची चुळबुळ होईल, माझीही होत असे. होऊ द्या.