पुसलेली अष्टमी

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण माझ्यावर कधी कुणी पाढे लिहिले नाहीत. ज्या वर्षी देश स्वतंत्र झाला, त्या वर्षी अलिबागच्या कान्हा सुताराने मला एका शाळेसाठी घडवले. लाकूड चांगले सागाचे होते. फक्त दोन फळ्यांचा सांधा नीट बसला नाही आणि माझ्या पोटावर आडवी फट राहिली. हेडमास्तरांनी ती पाहिली आणि मला आल्या पावली परत पाठवले. मग मी कान्हाच्या पडवीत पडून राहिलो. कोंबड्या माझ्यावर चढून बसत.

तिथून मला केसरताईंनी उचलले. कान्हा संकोचून म्हणाला की ताई, मधे फट आहे. त्या म्हणाल्या, असू दे, वर तारखा लिहीन आणि खाली माणसे.

बाजारपेठेतल्या भाताच्या वखारीच्या माडीवर त्यांचे साहाय्य मंडळ होते. पोलिसांनी धरलेली पोरे, घराबाहेर काढलेल्या बायका, आईबापांमागे पोरकी झालेली आणि काकामामांनी वाटून घेतलेली भावंडे, अशांचे खटले मंडळ चालवत असे. कोर्टात बोलायला म्हात्रे वकील होते. ते फी घेत नसत, पण थट्टा मात्र भरपूर करत. केसरताई वकील नव्हत्या. पण कोणता खटला कधी आहे, त्याचे कागद कुठे आहेत, साक्षीदाराला कोण आणणार, रात्री तो कुणाकडे झोपणार, हे सगळे त्यांच्या अंगावर होते. वकील खटला लढतात. खटला कोर्टाच्या दारापर्यंत न्यावा लागतो, ते काम केसरताईंचे आणि माझे.

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना वाचता येत नसे. म्हणून ताई माझ्या खालच्या भागावर खुणा काढत. नागावच्या माणसाला माड, उरणच्या माणसाला मिठाची रास, काशीदला होडी. आणि वरच्या भागावर इंग्रजी तारखेखाली तिथी. कारण किनाऱ्यावरची माणसे दिवस मोजतात ते चंद्रावर. पुनवेला आणि अमावास्येला पाण्याला उधाण येते, तेव्हा होड्या बाहेर असतात आणि घरात माणूस सापडत नाही. अष्टमीच्या सुमाराला पाणी मंदावते, त्याला भांग म्हणतात, तेव्हा माणसे घरी असतात. ताई म्हात्रे वकिलांच्या मागे लागत की तारीख भांगातलीच मागा.

“केसरताई, कोर्ट काय भरती-ओहोटी बघून भरतं?” वकील विचारत.

“कोर्ट बघत नसेल. त्या कोर्टात ज्यांनी उभं राहायचं, त्यांना बघावीच लागते,” ताई म्हणत आणि खडू उचलत.

त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात काशीदच्या नीराबाईचे नाव माझ्यावर आले. नीराबाई कोळीण, नवरा गेलेला, दिराच्या होडीवरची मासळी पाटीतून गावोगाव विकायची. तिचा एकुलता सदा चुलतमामाबरोबर उरणच्या मिठागरावर कामाला गेला होता. तिथे मामाशी भांडून तो पळाला, चार उनाड पोरांत मिसळला आणि दुसऱ्याच्या होडीच्या पितळी कड्या काढताना सापडला. त्याला मुलांच्या सुधारगृहात ठेवले होते. तारखेला आई हजर राहिली, मुलाला सांभाळीन असे तिने सांगितले, तर मुलगा घरी जाणार होता. नाहीतर त्याला घाटावरच्या लांबच्या शाळेत धाडणार होते, ते थेट मोठा होईपर्यंत.

तारीख भांगातली मिळाली, वैशाख वद्य अष्टमी. ताईंनी काशीदला निरोप धाडला, माझ्यावर लिहिले आणि खाली होडी काढली. सगळे ठरल्यासारखे होते. अष्टमी उजाडली, म्हात्रे वकील कोर्टात गेले, मुलाला आणले गेले, आणि आई आलीच नाही.

वकील संध्याकाळी माडी चढून आले तेव्हा थट्टा करण्याच्या मनःस्थितीत नव्हते. कोर्टाच्या साहेबांनी आणखी एकच तारीख दिली होती. तिलाही आई आली नाही, तर पोराला घाटावर पाठवायचा हुकूम होणार होता. पोरगा दाराकडे बघत उभा होता, एवढेच त्यांनी सांगितले.

दुसऱ्या दिवशी ताई स्वतः साळावच्या तरीने, म्हणजे माणसे पलीकडे नेणाऱ्या होडीने, खाडी ओलांडून काशीदला गेल्या आणि नीराबाईला घेऊनच आल्या. ती माझ्यासमोरच्या बाकावर बसली होती. तारीख हुकली यावर तिचा विश्वासच बसत नव्हता.

“वैशाखातली अष्टमी म्हनून निरोप होता ना, ताई? हा तर धोंड्याचा म्हैना. या म्हैन्यात आम्ही पोरीला सासरी धाडीत न्हाय, नवी होडी पान्यात लोटीत न्हाय. पोराला घरी आनायचं काम, ते मी धोंड्यात करीन व्हय? मी खऱ्या वैशाखाची वाट बघत होते. त्याला सदराबी शिवून ठेवलाय.”

मित्रांनो, त्या वर्षी वैशाख अधिक होता. एक वैशाख संपला की दुसरा, खरा वैशाख लागणार होता. कोर्टाला अधिक महिना ठाऊक नव्हता, आणि नीराबाईच्या घरात त्या महिन्याला शुभ कामासाठी जागा नव्हती.

“आता साहेबांना काय सांगू? मधे धोंडा आडवा आला म्हणून?” म्हात्रे वकील म्हणाले, पण हसले नाहीत.

ताई नीराबाईशेजारी बाकावर जाऊन बसल्या. “तुमचं काही चुकलं नाही. तारीख मी पाठवली, पण ती पोचली कशी, हे विचारलं नाही. आजपासून मी सांगेन ती तारीख नव्हे, नीराबाई. तुम्ही मला उलट सांगाल ती तारीख.”

त्या दिवसापासून मंडळात नवी रीत पडली. माझ्यावर तिथीशेजारी चंद्रही काढायचा, पुरा, अर्धा, कोर असलेला. आणि ज्याचा खटला, त्याने फळ्यासमोर उभे राहून आपल्या शब्दांत सांगायचे की तो कधी निघणार, कसा येणार, मागे घर कोण बघणार. ते ऐकल्याशिवाय खडू खाली ठेवायचा नाही, असे ताईंनी ठरवले.

पहिली पाळी नीराबाईचीच आली. पुढची तारीख खऱ्या वैशाखातल्या वद्य अष्टमीची होती. ती उभी राहून म्हणाली, “खरा वैशाख. पुनव झाल्यावर, चांद उतरून अर्धा होईल तो दिस. माझी पाटी शेजारची चंद्राबाई नेईल. मी आदल्या दिशी तरीनं खाडी उतरून रेवदंड्याला आत्याकडं निजंन, आनि सकालच्या गाडीनं हितं.” ताईंनी अर्धा चंद्र काढला, त्याखाली होडी काढली आणि मग खडू ठेवला.

तो त्यांनी माझ्यावर काढलेला पहिला चंद्र, आणि शेवटचाही.

पावसाआधीच्या उकाड्यात त्यांना विषमज्वर झाला. आधी त्या एक दिवस आल्या नाहीत, मग दुसऱ्या दिवशी, आणि मग कळले की त्या यायच्याच नाहीत. माडीचे दार काही दिवस बंद होते. उघडले तेव्हा नलूने, ताईंच्या हाताखाली टंकलेखन करणाऱ्या मुलीने, माझ्या खिळ्याला अबोलीचा गजरा अडकवला.

त्यानंतर मला फार मान मिळाला. लोक भेटायला येत, माझ्यासमोर हात जोडून उभे राहत आणि हळू आवाजात म्हणत, हे त्यांचे अक्षर. कुणीतरी सुचवले की यावर काच बसवावी. मला पुसायचे फडके घडी करून कपाटात गेले. खडूच्या डबीला कुणी हात लावेना.

अशात कोर्टाचा शिपाई चिठ्ठी घेऊन आला. साहेब रजेवर निघाले होते, म्हणून सदाची तारीख अलीकडे ओढली होती. अष्टमी नव्हे, पुनवेच्या दुसऱ्या दिवशी. ऐन उधाणात. म्हात्रे वकील चिठ्ठी वाचून म्हणाले, नलू, आधी फळ्यावर घे. आणि ते कोर्टात गेले.

नलूने खडू घेतला. माझ्यावर कुठेच जागा नव्हती. जिथे लिहायचे, तिथे ताईंची अष्टमी होती. तिने पुसायला बोट पुढे केले आणि मागे घेतले. मग तिने ती चिठ्ठी खणात ठेवली आणि तरीवर जाणाऱ्या एका माणसापाशी काशीदसाठी निरोप दिला.

मित्रांनो, मला बोलता येत नाही. पुनव जवळ येत होती आणि माझ्या अंगावर खोटी तारीख होती. ती इतक्या सुंदर अक्षरात होती की कुणालाही खरी वाटावी. निरोप पोचला की नाही, हे कुणाला ठाऊक नव्हते. असाच एक निरोप याआधीही गेला होता.

पुनवेला दोनच दिवस उरले असताना नीराबाई आली, ती तारखेसाठी नव्हे. ताई गेल्याचे तिला नुकतेच कळले होते, म्हणून चंद्राबाईला सोबत घेऊन ती भेटायला आली. दोघी बाकावर बसल्या. मग नीराबाई उठली, माझ्यासमोर उभी राहिली आणि कुणी न सांगता, ताईंनी शिकवले होते तसे बोलू लागली. खरा वैशाख, पुनव झाल्यावर, चांद अर्धा होईल तो दिस...

नलू पांढरीफटक पडली. “निरोप नाही मिळाला? तारीख बदलली, नीराबाई. परवा पुनव, तेरवा तारीख.”

“मंग फल्यावर का न्हाय?”

“ताईंचं अक्षर आहे ना,” नलू म्हणाली आणि तिला रडू कोसळले.

नीराबाईने माठातल्या पाण्यात पदराचे टोक बुडवले. ती माझ्याजवळ आली. क्षणभर तिचा हातही थांबला, मला तो जाणवला. मग तिने ती अष्टमी, तो अर्धा चंद्र, एका दमात पुसून काढला. ओले लाकूड काळेभोर चमकले.

“ताईंनी हे ठेवून द्यायला न्हवतं लिवलं,” ती म्हणाली. “माझा पोर आनायला लिवलं व्हतं. घे खडू.”

नलूचे हुंदके थांबेनात.

“रड. पन लिवत रड. चांद पुरा काढ.”

नलूने चंद्र काढला. तो वाकडा आला. तिने खाली होडी काढली, तीही जरा कलंडलेली. मग नीराबाईने सांगायला सुरुवात केली आणि तिथेच अडली. उधाणाचे दिवस, दिराची होडी भरून येणार, किनाऱ्यावर एक हात कमी झाला तर मासळी उन्हात नासणार, दीर घराबाहेर काढील.

“दिराला मी बघते,” चंद्राबाई म्हणाली. “तुझी पाटी आनि माझी पाटी, दोनी नेईन. डोकं एकच हाय माझं, पन मान घट्ट हाय.”

नलू रडता रडता हसली. तारखेला उधाणात खाडीवरची तर सुटेल याचा भरवसा नव्हता, म्हणून नीराबाईने परत जायचेच नाही असे ठरवले. ती नलूच्या घरी राहिली. नवा सदरा मात्र काशीदलाच राहिला.

तारखेच्या दिवशी कोर्ट उघडण्याआधी ती पायरीवर बसलेली होती, हे मला म्हात्रे वकिलांनी नलूला सांगितले तेव्हा कळले. साहेबांनी विचारले, मागच्या वेळी का आली नाहीस? तिने धोंड्याच्या महिन्याचे सांगितले. साहेबांनी वकिलांकडे पाहिले, वकिलांनी मान हलवली, आणि हुकूम लिहिला गेला.

दुपारी जिन्यावर दोन माणसांची पावले वाजली. सदा आईच्या मागे मागे आला, सुधारगृहाच्याच कपड्यांत. तो बाकावर आईला चिकटून बसला. नीराबाईने त्याचे मनगट धरले होते, ते शेवटच्या गाडीला निघेपर्यंत सोडले नाही.

ती दोघे गेल्यावर नलूने कपाटातून फडके काढले आणि आपला वाकडा चंद्र स्वतःच पुसला. त्या जागी तिने नागावच्या एका माणसाची तारीख लिहिली.

त्यानंतर किती चंद्र माझ्यावर आले आणि गेले. आता साठ साल उलटून गेले आहे. मंडळात छापील दिनदर्शिका आली आहे आणि मी जिन्याजवळच्या भिंतीला टेकून उभा आहे. माझा काळा रंग उडाला आहे, फट रुंदावली आहे. अजूनही कुणी जुने माणूस येते, माझ्यावरून हात फिरवते आणि ताईंचे अक्षर राहिले असते तर, असे म्हणते. त्याचे दुःख मला कळते. ते अक्षर मीही विसरलेलो नाही.

पण मित्रांनो, तुमच्या घरात गेलेल्या माणसाचे काही उरले असेल, तर त्याला गजरा घाला आणि मग ते कामाला लावा. आणि मला जपायचे असेल, तर माझ्यावर काच लावू नका. एकदा काळा रंग द्या, फडके धुऊन ठेवा. खाली बाकावर कुणी बसले असेल, त्याला विचारा की तू कधी निघणार आणि कसा येणार. आणि तो सांगेपर्यंत खडू खाली ठेवू नका.