चीजला गिलावा

चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी आमच्या हिला चार महिने डोळे तपासायला शिकायला पाठवायचं ठरवलं आणि माझं डोकंच फिरलं. आजवर ही त्या दुकानात काचा पुसायची, फ्रेमा बसवायची. चांगलं चाललं होतं की! आता म्हणे दुसऱ्या गावी जाऊन तिथेच राहायचं.

"आणि माझ्या जेवणाचं काय?" मी विचारलं.

"हात आहेत ना तुम्हाला."

"आणि रविवारचं चीज? ते काय शेजारचे तळून देणार?"

हे चीज म्हणजे माझा जीव की प्राण. चीजच्या बोटाएवढ्या कांड्या कापायच्या, पावाचा चुरा लावायचा आणि गरम तेलात सोडायच्या. ही दर रविवारी संध्याकाळी तळते आणि मी हाशहुश करत तोंड भाजून घेतो.

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "असं करू. आज तुम्ही तळा. मी बोटसुद्धा लावणार नाही, मधे बोलणारही नाही. जमलं तर मी जाणार. नाही जमलं तर बाईंना फोन करून नाही म्हणून सांगते. आज त्यांना कळवायचंच आहे."

आता हरायचंच ठरवलं असतं तर काय अवघड होतं? चार कांड्या करपवायच्या की झालं, बायको घरात! पण मी गिलावा करणारा माणूस. उभा जन्म भिंती लिंपण्यात गेला. माझ्या हातचं काम कोणी वाईट म्हटलं की अंगाचा तिळपापड होतो. म्हटलं, करू तर नीटच करू.

कांड्या कापल्या. सगळ्या एका मापाच्या, कोपरे काटकोनात. फेटलेल्या अंड्यात बुडवल्या, चुऱ्यात घोळवल्या, अंगठ्याने दाबून सारख्या केल्या. काय देखणं काम झालं म्हणून सांगू! ही तिकडे स्टुलावर बसून नुसती बघत होती. आणि इथेच माझा घात झाला. गिलावा केला की त्यावर पाणी मारायचं, नाहीतर तडे जातात, हे माझ्या हाडीमाशी खिळलेलं. हात आपोआप नळाखाली गेला आणि मी सगळ्या कांड्यांवर छान पाणी शिंपडलं.

"अहो, हे काय करताय?" ती किंचाळली.

"तू बोलायचं नाही असं ठरलंय," मी म्हणालो आणि कांड्या तेलात सोडल्या.

बाप रे! तेल असं काही तडतडलं की मी पातेल्याचं झाकण तोंडापुढे धरून फ्रिजच्या आडोशाला पळालो. हिनेच पुढे होऊन गॅस बंद केला. कढईत बघतो तर चीज सगळं बाहेर येऊन तळाला चिकटलेलं आणि वर चुऱ्याची रिकामी टरफलं तरंगताहेत. घर उभं, भाडेकरू पसार!

मला वाटलं, आता ही पोट धरून हसेल. चांगली आठवडाभर पुरेल एवढी थट्टा होती ती. पण ती हसली नाही. ओट्यावरचं तेल पुसलं, हात धुतले आणि गुपचूप फोन उचलला. गेले कित्येक दिवस ही बाई जेवणं झाली की सराव म्हणून मला दारात उभं करून भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचायला लावत होती. एक डोळा झाका, दुसरा झाका. किती खुशीत असायची! आता तोंड एवढंसं झालं होतं. मी जिंकलो होतो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ठेव तो फोन!" मी ओरडलो. "हा पहिला हात होता. गिलाव्याला दोन हात लागतात. एका हातावर काम कोण मोजतं?"

"मग मघाशी ही अक्कल कुठे गेली होती?"

"तू बोलायचं नाही असं ठरलंय!"

या वेळी नव्या कांड्या कापून कोरड्या पुसल्या. पीठ, अंडं, चुरा. पुन्हा अंडं, पुन्हा चुरा. कोपरे दोनदा दाबले आणि ताटली फ्रीजरमध्ये ठेवली.

"पाणी नाही मारायचं?" तिने विचारलं.

"पाण्याचं नाव काढू नकोस."

कडक झाल्यावर तळल्या. एक थेंब बाहेर येईल तर शपथ! सोनेरी, कुरकुरीत. हिने एक तोडली, तर आतून चीजची तार हातभर लांब निघाली.

"जमलं," ती म्हणाली. पण खुशीत नाही. "म्हणजे आता माझ्यावाचून तुमचं काही अडत नाही."

"अगं बाई, अडत नाही काय!" माझा आवाजच चढला. "जेवणाला कोण विचारतंय? मी पाव खाऊनसुद्धा राहीन. तू नसलीस की हे घर मला खायला उठेल. ते सांगायला जीभ रेटत नव्हती, म्हणून जेवणाचं पुढे केलं."

तिचा घास तोंडातच राहिला. "हे आधी नाही सांगायचं?"

"सांगितलं असतं तर गेली नसतीस."

"गेलेच असते," ती म्हणाली. डोळे पुसले आणि बाईंना फोन लावला. "बाई, मी शिकायला जाते. पण रविवारी मी तिथे राहणार नाही हं. रविवारी मला घरी यायचं असतं."