गळ्यातलं भिंग आणि पाठीवरची मी

मित्रांनो, बांबूच्या कामट्यांची एक जुनी चौकट मी. माझ्या जाळ्या दोन. त्यांच्या मधे टीपकागदांची चवड आणि वरून आवळायला कातडी पट्टे. तुम्ही पुस्तकात एखादं पान दाबून वाळवता ना, तेच काम मी डोंगरात करायची.

दक्षिणेकडच्या एका बुरुडाने मला विणलं. तिथून मी शिनिंग शहरातल्या वनस्पती संस्थेत आले आणि चू वानछिंग बाईंच्या पाठीवर बसले. बाई गवताच्या अभ्यासक. त्यांच्या पाठीची ऊब, केसांतला धुराचा वास, चालताना गुणगुणलेलं गाणं, सगळं माझं होतं. पण बाईंच्या गळ्यात काळ्या दोऱ्याला एक भिंग होतं. भिंग कसलं, सवतच ती! मी पाठीवर, ते छातीवर. माझ्या वाट्याला घाम, त्याच्या वाट्याला डोळा. गवताचं पान काडीला जिथे बिलगतं, तिथे एक इवलासा पापुद्रा असतो. त्यावरून गवताची जात ओळखतात. तो पापुद्रा भिंगातून दिसला की बाई हसायच्या, आणि भिंगावर हलकेच फुंकर घालून ते पुसायच्या. मला कधी कुणी फुंकर घातली नाही.

संस्थेत बाईंच्या शेजारी लू देमिंग बसायचे. त्यांचा अभ्यास फुलांचा.

“काय वानछिंग, आलीस चरून?” ते विचारायचे.

“आले ना देमिंगदादा. सकाळी शेवया कशाच्या हाणल्यात? गव्हाच्या! गहू कोण? गवतच! मग चरलं कोण?”

सगळी खोली हसायची. पण त्या वर्षी विभागप्रमुखांनी हसण्यावारी नेलं नाही. “गवतावर फार वर्षं गेली,” ते म्हणाले. “या खेपेला नवी जात आणा. नाही आणली, तर उद्या शेवंतीच्या वाफ्यांवर तुमची बदली.”

नवी जात नुसती सांगून चालत नाही, मित्रांनो. मुळापासून तुऱ्यापर्यंत अख्खं रोप दाबून, वाळवून पुढे ठेवावं लागतं. म्हणजे माझ्याशिवाय बाईंचं गवत गेलंच म्हणा!

आम्ही वरच्या कुरणात गेलो. यांगजोम नावाच्या गुराखी बाईच्या तंबूत उतरलो. उन्हाळा सरत आला होता. खूप हिंडल्यावर एका ओल्या घळीत बाईंना जांभळट तुऱ्याचं, कधी न पाहिलेलं गवत सापडलं. त्यांनी सगळी तुरेवाली रोपं मुळासकट काढली आणि माझ्या पोटात ठेवली. त्या दिवशी मी भिंगाकडे बघितलंसुद्धा नाही.

दाबलेल्या गवताचे कागद रोज बदलावे लागतात, नाहीतर बुरशी धरते. दुसऱ्या दिवशी बाईंनी मला उघडलं. कागद आणि रोपं उन्हात पसरून वर खडे ठेवले.

यांगजोम लोणी घातलेला चहा घेऊन आली. “बाई, याक सुटलेत हो.”

“हो हो, इथेच आहे मी,” बाई म्हणाल्या. एक रोप उचलून त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि जग विसरल्या. मी उघडी पडून सगळं बघत होते. मोठा काळा याक आला. त्याने पहिलं रोप खाल्लं, दुसरं खाल्लं, मग कागदही चघळले. बाईंनी मान वर केली तेव्हा तो जीभ फिरवत होता.

यांगजोम पोट धरून हसली. “बाई, गवत वाळत घालता आणि जनावराने बघू नये म्हणता? त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, हे सरकारी गवत आहे ते!” मग बाईंचा चेहरा बघून तिने हसू आवरलं. “दुसरं मिळेल की हो.”

“नाही मिळायचं यांगजोमताई. तुऱ्याचं हेच उरलं.”

बाईंच्या हातात एकच रोप होतं. भिंगाखालचं! दुपारी दोघी घळीत जाऊन आल्या. तिथे नुसती खुरटलेली पाती होती. मित्रांनो, भिंगामुळेच बाई गाफील राहिल्या आणि भिंगामुळेच ते रोप वाचलं. शिव्या द्याव्यात तरी पंचाईत!

तेवढ्यात गारा सुरू झाल्या. कोरडे कागद मोजकेच उरले होते. बाईंनी रोप त्यांत ठेवलं, माझ्यावर गुडघा रोवला आणि पट्टे असे ओढले की माझ्या कामट्या करकरल्या. घोड्यावरून, नदीतून, चिखलातून बाई मला छातीशी धरून डोंगर उतरल्या. पहिल्यांदाच मी छातीवर होते आणि भिंग खिशात. कामट्या मोडल्या असत्या तरी मी सुटले नसते.

गवत नवंच ठरलं. विभागप्रमुख म्हणाले, “शेवंती राहू द्या.” वर्तमानपत्रात बाईंचा फोटो आला. हातात कोण? भिंग!

पुढे विजेवर चालणारी वाळवणीची पेटी आली. मी कपाटाच्या डोक्यावर गेले, आवळलेल्या पट्ट्यांसकट. भिंग मात्र काचेच्या पेटीत मखमलीवर बसलं. माझा जळफळाट अजून शमलेला नाही, मित्रांनो. तुम्ही तरी वापरून झालेल्या वस्तूची ओल पुसा, तिचे पट्टे सैल करा, तिला वाऱ्यावर टांगा. कौतुक करताना पाठीवरच्या वस्तूलाही एक फुंकर घाला.

परवा एक मुलगी ते जुनं रोप बघायला आली. आता म्हाताऱ्या झालेल्या बाई तिच्या शेजारी बसल्या होत्या.

“बाई, पानावर आडव्या रेघा आहेत. ही या जातीची खूण का?”

“नाही गं. कागद याकने खाल्ले होते, म्हणून चौकटीच्या कामट्या उमटल्या. गवताच्या वर्णनात त्या धरू नकोस. पण नीट बघून घे.”

मुलगी रोपावर वाकली आणि खूप वेळ बघत राहिली. माझ्या रेघा. तिच्या भिंगातून.